ई-मेलच्या पोटात काय असावं?

ई-मेलच्या प्रोग्रॅममध्ये कुठली सोय मुळातच असावी आणि कुठली ज्याने-त्याने बाहेरून आणावी, हे ठरवायचं कसं? बहुतेकांचं उत्तर तयार असतं: किती जणांना हवी ते बघा. पुष्कळांना हवी असेल तर आत घ्या, थोड्यांना हवी असेल तर ॲड-ऑन म्हणून बाहेर ठेवा, कुणालाच नको असेल तर काढून टाका. वापरणारेही तसंच मानतात. म्हणून तर नवी आवृत्ती आली की ‘यात अमुक का नाही’ ही मागणी मत टाकावं तशी नोंदवली जाते. हा विचार दिसायला लोकशाहीचा आणि आतून पोकळ आहे. मत नोंदवायला कोण येतो आणि कोण येत नाही, एवढं पाहिलं तरी तो ढासळतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं. प्रोग्रॅमच्या आतल्या जागेवर पहिला हक्क मागू न शकणाऱ्याचा आहे. ज्याला आपली गरज कळते तो सेटिंग शोधतो, ॲड-ऑन बसवतो, नाहीच जमलं तर शेजारच्या इंजिनिअरिंगच्या मुलाला हाक मारतो. ज्याला गरज आहे हेच कळत नाही, किंवा जो हा प्रोग्रॅम वापरतच नाही पण दुसऱ्याच्या क्लिकचे परिणाम भोगतो, त्याच्या वतीने बोलणारं मागण्यांच्या यादीत कुणी नसतं. आत काय असावं याचा निर्णय या दोघांकडे बघून घ्यायला हवा. बाकीच्यांची सोय नंतरही होते.

१. मतमोजणीत कोण सुटतं

मध्य रेल्वेवरच्या दिवा स्टेशनाजवळ राहणाऱ्याला हा पेच नवा नाही. जलद लोकलला थांबा कुठे द्यायचा, हा याच जातीचा प्रश्न आहे. वर्षानुवर्षं जलद गाड्या दिव्यातून न थांबता धडधडत जायच्या. २ जानेवारी २०१५ रोजी इथे प्रवाशांच्या रागाचा भडका उडाला आणि मध्य रेल्वे ठप्प झाली. डिसेंबर २०१६मध्ये काही जलद गाड्या थांबू लागल्या. थांबा मागणारा फलाटावर उभा असतो, तो दिसतो, त्याचं निवेदन असतं, निवेदनामागे नगरसेवक असतो. त्या थांब्याची मिनिटं मोजणारा बदलापूर-अंबरनाथहून उभ्याने आलेला असतो, त्याला कुणी विचारत नाही. मग थांबा द्यायला नको होता का? द्यायलाच हवा होता. पण आरडाओरड मोठी होती म्हणून नव्हे. सकाळच्या धिम्या गाडीत दिव्याला पाय ठेवायला जागा नव्हती आणि दुसरी वाट नव्हती. गरज दुसऱ्या वाटेने भागते का, न भागली तर कुणाचं काय जातं, आणि भागवली तर भार कुणावर पडतो, हे तीन प्रश्न विचारले की दिव्याचा थांबा योग्य ठरतो. घोषणा मोजायच्या म्हटल्या तर प्रत्येकच स्टेशन योग्य ठरतं, आणि जलद गाडी धिमी होऊन बसते.

ई-मेलच्या प्रोग्रॅमचं तेच झालं. नेटस्केपचे प्रोग्रॅमर जेमी झाविन्स्की यांचा एक टोमणा या क्षेत्रात नियम म्हणून ओळखला जातो: कुठलाही प्रोग्रॅम फुगत फुगत शेवटी मेल वाचायला लागतो. मेल वाचणारे प्रोग्रॅमही मग मागे राहिले नाहीत. त्यांच्यात कॅलेंडर आलं, कामांच्या याद्या आल्या; थंडरबर्डमध्ये २०१२ साली चॅट आलं, जीमेलच्या फोनवरच्या ॲपमध्ये २०२०त व्हिडिओ मीटिंग आली. यातली प्रत्येक गोष्ट कुणी ना कुणी मागितली होती.

२. पत्राला दोन टोकं असतात

हिशेबाच्या तक्त्याच्या प्रोग्रॅममध्ये एक नवं बटण घातलं तर फार तर तक्ता बनवणाऱ्याची डोकेदुखी वाढते. मेलचं तसं नाही. १९८२च्या आरएफसी ८२२ या मानकात पत्राच्या डोक्यावरचे जे रकाने नक्की झाले, कुणाकडून, कुणाला, प्रत कुणाला, छुपी प्रत कुणाला, त्यातले बहुतेक दुसऱ्या माणसाबद्दल आहेत. मेलमधली सोय ही कमीत कमी दोघांची असते. त्यातला एकच जण मतदार असतो.

याचा धडा गूगलने जाहीरपणे गिरवला. फेब्रुवारी २०१०मध्ये जीमेलच्या आत ‘बझ’ नावाचं सामाजिक माध्यम आलं. तुम्ही ज्यांच्याशी सर्वांत जास्त पत्रव्यवहार करता त्यांची यादी त्याने आपणहून जोडून दिली, आणि ती यादी इतरांनाही दिसू शकेल अशी सुरुवातीची मांडणी होती. आपण कुणाशी बोलतो हे गुप्त ठेवणं ज्यांची गरज होती, त्यांच्या संपर्काची चव्हाट्यावर मांडणी झाली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०११ साली गूगलशी केलेल्या तडजोडीत २० वर्षं बाहेरच्या तपासनीसांकडून गोपनीयतेची पाहणी करून घेण्याची अट घातली, आणि त्याच वर्षअखेर बझ बंद झालं. सामाजिक माध्यम मागणारे पुष्कळ होते, यात शंका नाही. पण पत्त्यांच्या वहीतल्या माणसाला कुणी विचारलं नव्हतं.

३. पहिली कसोटी: हे दुसरीकडे कुठे होऊ शकतं का?

जे काम मेल प्रोग्रॅमच्या खाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीममध्ये, किंवा त्याच्या शेजारी दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये तितकंच चांगलं होऊ शकतं, ते आत घेऊ नये. मराठीचा अनुभव याला सर्वांत मोठा पुरावा आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

संगणकावर मराठी आणण्यात पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट तंत्रज्ञानाचा आणि पुढे आयएसएम या सॉफ्टवेअरचा मोठा वाटा आहे. मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी तर छपाईच्या धंद्यात सगळीकडे पोचली. पण त्या काळातले बहुतेक फॉण्ट आपापल्या खुणांवर चालत. एकाच्या ‘क’च्या जागी दुसऱ्याचा भलताच वर्ण. मराठीत लिहिलेलं पत्र समोर उघडलं की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा लगदा दिसायचा, मग ‘फॉण्टपण पाठवतो’ म्हणून दुसरं पत्र यायचं. तेव्हा सगळ्यांची मागणी एकच होती: मेलच्या प्रोग्रॅममध्येच मराठीची सोय द्या. काही संकेतस्थळांनी दिलीही. तिथे लिहिलेलं मराठी तिथेच नीट दिसायचं.

खरा तोडगा खालून आला. युनिकोड या सर्वांसाठी सामाईक खुणांच्या मानकाच्या १९९१च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती. विंडोज २०००पासून ती चालवण्याची क्षमता ऑपरेटिंग सिस्टीममध्ये आली. एक्सपीमध्ये तर ‘रिजनल’ सेटिंगमध्ये जाऊन एका चौकोनात टिक करावी लागे आणि मग तो संगणक मूळ सीडी मागत बसे, ती नेमकी कपाटात सापडत नसे. पण एकदा ते झालं की मेल, वर्ड, ब्राउझर सगळीकडे मराठी एकदम उमटली. मराठी टायपिंग मेलच्या पोटात राहिलं असतं तर प्रत्येक प्रोग्रॅमची मराठी वेगळी राहिली असती. लोकांनी मागितलेली जागा चुकीची होती. गरज मात्र सोळा आणे खरी होती.

आता याच मराठीची दुसरी बाजू. शोध. हा खाली ढकलता येत नाही, कारण वर्षानुवर्षांच्या पत्रांची सूची मेल प्रोग्रॅमकडे असते. आणि मराठीतला शोध आजही लंगडा आहे. वकिलांच्या नावाआधीचा ‘ॲड.’ हा शब्द घ्या. यातला ‘ॲ’ युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ साली आला. त्याआधी आणि अजूनही पुष्कळ जण ‘अ’वर चंद्र देऊन तो लिहितात. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला दोन वेगळे शब्द. वकिलांच्या नावाने शोधावं तर निम्मी पत्रं गायब. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो, तिथेही हीच गत. २०२३ आणि इंग्रजी आकड्यांतलं तेच साल यांची गाठ पडत नाही. वर मराठी शब्द विभक्तीने बदलतो: ‘ठाणे’ शोधणाऱ्याला ‘ठाण्याच्या’ असलेलं पत्र मिळत नाही. पाणीपट्टीचं जुनं पत्र सापडेना म्हणून माणूस काय करतो? ते आलंच नसेल असं समजतो. तो तक्रार करत नाही, कारण शोध चुकला हे त्याला कळायला मार्गच नाही. मराठीला सामावून घेणारा शोध आत हवा, आणि त्याच्यासाठी एकही मत पडणार नाही.

पाठवणाऱ्याचा खरा पत्ता हेही याच कसोटीवर आत येतं. पत्र ज्या डोमेनचं आहे असं म्हणतं तिथूनच ते आलं का, हे तपासण्याच्या पद्धती आहेत, आणि त्यांचा निकाल पत्राच्या शीर्षकातच नोंदलेला असतो. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५मध्ये सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव डोमेनवर जायला सांगितलं, ते एवढ्यासाठी की खोटी बँक पत्त्यावरून ओळखू यावी. आणि फोनवर आपण काय बघतो? बँकेचं नाव, एक गोल चित्र, विषयाची ओळ. पत्ता बघायला नावावर बोट ठेवून एक घडी उघडावी लागते. लोकलच्या दारात एका हाताने दांडा धरलेला माणूस ती घडी उघडणार नाही. जागा वाचवायला पत्ता झाकला, म्हणजे एवढ्या खटाटोपाने बनवलेलं डोमेनच झाकलं.

४. दुसरी कसोटी: ज्याला गरज आहे तो मागायला येईल का?

दिवा पूर्वेला स्टेशनबाहेर पडलात की झेरॉक्सच्या दुकानांच्या काचेवर एक जीमेलचा पत्ता चिकटवलेला दिसतो. प्रिंट हवी तर त्यावर पाठवा. गिऱ्हाईक फोनवरून ई-आधारची पीडीएफ पाठवतं आणि काउंटरवर उभं राहून पासवर्ड मोठ्याने सांगतं: नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये, पुढे जन्मसाल. मागे रांगेतले चार जण ऐकतात. दुकानदार प्रिंट काढतो, पैसे घेतो, पुढचं पत्र उघडतो. कुणाची सॅलरी स्लिप, कुणाचा भाडेकरार, कुणाच्या मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला. दुकान बंद होतं, इनबॉक्स तसाच राहतो. दुकानदार बदमाश नाही. त्याला पुसायला वेळ नाही आणि पुसायचं असतं हे कुणी सांगितलेलं नाही.

इथे हवी ती सोय साधी आहे: या फोल्डरमधली पत्रं सात दिवसांनी आपोआप पुसून टाक. थंडरबर्डमध्ये फोल्डरच्या गुणधर्मांत हे बरीच वर्षं आहे. जीमेलच्या फिल्टरमध्ये ‘इतक्या दिवसांनी पुसा’ असा पर्याय नाही. करायचंच असेल तर छोटा प्रोग्रॅम लिहावा लागतो. याला इतिहास आहे. १ एप्रिल २००४ला जीमेल आलं ते एक जीबी जागा घेऊन, हॉटमेल दोन एमबी देत होतं तेव्हा. पुसू नका, ठेवा आणि शोधा, हा त्याचा मंत्र होता, आणि आपल्या पत्रांपुरता तो उत्तमच होता. दुकानाच्या इनबॉक्सला तो लागू केला की दिव्यातल्या कित्येक घरांची कागदपत्रं एका पासवर्डमागे साठतात. २०२३चा वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा हेतू संपल्यावर माहिती पुसण्याची अपेक्षा धरतो. ती अपेक्षा झेरॉक्सवाल्याने जीमेलमध्ये कुठे पूर्ण करायची? आणि ही सोय मागणार कोण? दुकानदाराला तिची गरज नाही. ज्याचं आधार पडून आहे त्याला ते पडून आहे हेच माहीत नाही. मतमोजणीत हे फीचर कायम शून्यावर राहील.

बाहेरून ओढलेली चित्रं न दाखवणं हेही असंच. जाहिरातीच्या पत्रात एका ठिपक्याएवढं चित्र असतं. पत्र उघडलं की ते पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवरून मागवलं जातं आणि तुम्ही कधी उघडलंत हे तिकडे नोंदलं जातं. जीमेलने डिसेंबर २०१३पासून चित्रं आपल्या सर्व्हरमार्फत आणायला सुरुवात केली, ॲपलने २०२१मध्ये आपल्या मेलमध्ये त्याहून पुढची तजवीज केली. माग काढला जातोय हे ज्याला ठाऊक होतं त्याने आधीच चित्रं बंद केली होती. फायदा झाला तो ठाऊक नसलेल्यांचा.

उलट बाजूचा दाखला मे २०००चा. ‘आय लव्ह यू’ विषयाचं ते पत्र आठवत असेल. त्याला जोडलेली फाइल मजकुराची वाटावी असं तिचं नाव होतं, शेवटची तीन अक्षरं विंडोज झाकून ठेवायची, आणि दोनदा टिचकी मारली की तिच्यातला प्रोग्रॅम चालायचा व आउटलुकच्या वहीतल्या सगळ्यांना तेच पत्र जायचं. यातली प्रत्येक पायरी कुणाच्या तरी सोयीसाठी घातलेली होती. आउटलुककडून आपोआप पत्रं पाठवून घेण्याची सोय कंपन्यांच्या संगणक विभागांच्या खऱ्या उपयोगाची होती, पण ती मिळाली सगळ्यांना.

५. तिसरी कसोटी: भार कुणावर पडतो?

पाठवलेलं पत्र परत घेण्याच्या दोन सोयी आहेत, आणि त्या एकसारख्या समजल्या जातात. जीमेलचं ‘अनडू’ २००९ साली प्रयोग म्हणून आलं, २०१५मध्ये रीतसर झालं. ते पत्र परत आणत नाही. पाच ते तीस सेकंद पाठवतच नाही. आउटलुकचं ‘रिकॉल’ मात्र पोचलेलं पत्र समोरच्याच्या पेटीतून उचलायला बघतं, आणि तेही दोघं एकाच संस्थेच्या व्यवस्थेत असतील तरच. पहिल्याचा भार पाठवणाऱ्याच्या धीरावर पडतो, दुसऱ्याचा समोरच्याच्या दप्तरावर. माहिती तंत्रज्ञान कायदा २०००चं कलम १३ सांगतं की पाठवणाऱ्याच्या ताब्याबाहेरच्या संगणकात नोंद शिरली की ती पाठवली गेली. तिथून पुढे ते पत्र दोघांचं झालं. ‘तुम्हाला बढती देत आहोत’ हे पत्र कंपनीने सकाळी पाठवावं आणि दुपारी कर्मचाऱ्याच्या पेटीतून ते नाहीसं व्हावं, हे चालणार आहे का? अनडू आत हवं. रिकॉल कुठल्याही प्रोग्रॅमच्या आत नको, बाहेरही नको.

जीमेलची २०१८ची ‘कॉन्फिडेन्शियल’ पद्धत याच कसोटीवर पडते. तिच्यात मुदत संपली की पत्र वाचता येत नाही, आणि समोरचा जीमेलवर नसेल तर त्याला पत्राऐवजी दुवा जातो. म्हणजे पत्र कधी पोचतच नाही, ते गूगलकडे राहतं आणि समोरचा तिथे जाऊन बघतो. अनोळखी दुव्यावर टिचकी मारू नका असं एकीकडे शिकवायचं आणि दुसरीकडे गुप्त पत्र दुव्यातून द्यायचं! वाचल्याची पोच मागणं हेही समोरच्यावरचं ओझंच आहे. १९९८च्या मानकाने निदान ती द्यायची की नाही हा निर्णय वाचणाऱ्याकडे ठेवला होता.

भार पडतो म्हणून सोय नाकारायची असाही माझा आग्रह नाही. जाहिरातवाल्यांवर भार पडला तर पडू द्या, पत्रव्यवहार त्यांनी सुरू केला होता. यादीतून नाव काढण्याची खूण पत्राच्या शीर्षकात देण्याची तरतूद १९९८पासून होती, एका टिचकीत काढण्याचं मानक २०१७त आलं, आणि मोठ्या संख्येने पत्रं पाठवणाऱ्यांना जीमेल व याहूने ते २०२४त सक्तीचं केलं, तेव्हा कुठे बटण खरोखर चालू लागलं.

६. जिथे कसोट्या भांडतात

कॅलेंडरचा निकाल सोपा आहे, जरी तो लोकप्रिय नसला तरी. थंडरबर्डने जून २०१५च्या ३८व्या आवृत्तीपासून कॅलेंडर सोबत द्यायला सुरुवात केली. पत्रातून आलेलं निमंत्रण वाचता येणं आणि त्याला हो-नाही म्हणता येणं हे मेलचं काम आहे, कारण ते पत्र आहे. सगळं वर्ष आखणं हे मेलचं काम नाही. ते शेजारच्या प्रोग्रॅमला तितकंच जमतं. मला ते कॅलेंडर आवडतं, मी वापरतोही. आवडणं हा निकष नाही एवढंच.

कुलूपबंद पत्रांचा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे. पूर्वी थंडरबर्डमध्ये ओपनपीजीपी ही पत्रं कुलूपबंद करण्याची पद्धत हवी तर एनिग्मेल हे ॲड-ऑन आणि शिवाय जीएनयूपीजी हा वेगळा प्रोग्रॅम बसवावा लागे. २०२०च्या ७८व्या आवृत्तीत जुन्या पद्धतीचे ॲड-ऑन चालेनासे झाले आणि थंडरबर्डने ते काम आत घेतलं. दुसऱ्या कसोटीने हे बरोबर आहे: कुलूप दोघांकडे असल्याशिवाय लागत नाही, आणि समोरच्याने ॲड-ऑन बसवण्याची वाट बघत बसलात तर जन्म जाईल. पण किल्ली हरवली की स्वतःचीच दहा वर्षांची पत्रं स्वतःला बंद होतात, आणि किल्ली हरवणार ती नेमकी त्याची, ज्याच्या वतीने मी बोलतोय. दुबळ्याचं रक्षण करणारी सोय दुबळ्यालाच बाहेर कोंडते. आत असावं पण आपोआप चालू नसावं, असं मी म्हणतो. हे उत्तर मलाही पुरेसं वाटत नाही.

७. आक्षेप

पहिला आक्षेप शुद्धतावाद्यांचा: मेल प्रोग्रॅमने मेल आणावी आणि न्यावी, बाकी सगळं ॲड-ऑन. यात स्वच्छता आहे, पण ती ॲड-ऑन बसवता येणाऱ्यांपुरती. शिवाय ॲड-ऑन तुमची पत्रं वाचतो, त्याचा मालक बदलू शकतो, आणि एनिग्मेलसारखा नीट चालणाराही एका आवृत्तीत गळून पडू शकतो. मधला मार्ग आहे, आणि तो थंडरबर्डनेच एका बारक्या गोष्टीत दाखवलाय. पत्रात फाइल जोडल्याचा उल्लेख असेल आणि फाइल नसेल तर तो आठवण करून देतो. यंत्रणा आत आहे, पण कुठल्या शब्दांवर जागं व्हायचं ती यादी इंग्रजी असली तरी उघडी आहे. त्यात ‘सोबत’ आणि ‘जोडला आहे’ हे शब्द टाकता येतात. मराठीची यादी तयार मिळाली तर बरं, पण निदान दार बंद नाही.

दुसरा: ई-मेल आता वापरतंय कोण, सगळं व्हॉट्सॲपवर. गप्पा तिकडे गेल्या हे खरं. नोकरीचं पत्र, बँकेचं विवरण, विम्याची पॉलिसी, परीक्षेचं प्रवेशपत्र अजून मेलवरच येतं. हौसेची पत्रं गेली आणि परिणामांची उरली, तर निवड अधिक काटेकोर हवी.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे. जो मागत नाही त्याच्या वतीने ठरवणारे तुम्ही कोण? ‘तुमच्या भल्यासाठी’ म्हणत कंपन्यांनी काय काय गळ्यात बांधलं, याची यादी मोठी आहे. बझही भल्यासाठीच होतं. याचं उत्तर चांगल्या हेतूत सापडत नाही, निघून जाण्याच्या वाटेत सापडतं. सगळी पत्रं उचलून दुसरीकडे नेता आली पाहिजेत, ही सोय कुठल्याही कसोटीशिवाय आत हवी. केंद्र सरकारने सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचे मेल एनआयसी या सरकारी संस्थेच्या व्यवस्थेवरून झोहो या खासगी कंपनीकडे नेले, तेव्हा त्यांचे पत्ते तेच राहिले, कारण डोमेन सरकारचं होतं आणि पत्रं उघड मानकांत होती. दिव्यातल्या झेरॉक्सवाल्याचा पत्ता मात्र काचेवर चिकटवलेला आहे आणि तो गूगलचा आहे. पत्रं तो नेऊ शकेल, पत्ता नाही. त्याच्या वतीने ठरवायचं तर निदान त्याला जाता येईल इतपत तरी ठरवावं.

८. आणि आता सारांश

सध्याची सर्वांत मोठी मागणी कृत्रिम बुद्धिमत्तेची आहे: पत्र वाचून सारांश दे, उत्तर लिही, तातडीचं वेगळं काढ. मतं मोजली तर ती निवडून आल्यातच जमा आहे. कसोट्या लावून बघू.

हे काम दुसरीकडे होऊ शकतं का? होतं, मजकूर उचलून कुठल्याही चॅटबॉटला देता येतो. ज्याला गरज आहे तो मागायला येतो का? अर्धवट. ठाणे महापालिकेची नोटीस तिच्या लांबलचक वाक्यांसकट वाचून ‘म्हणजे नेमकं काय करायचं’ हे सोप्या मराठीत सांगणारं यंत्र ज्याला सर्वांत उपयोगाचं, त्याला चॅटबॉटपर्यंत पोचता येत नाही. म्हणून मी ही सोय सरसकट बाहेर ठेवा म्हणत नाही. भार कुणावर? इथे घोडं अडतं. जून २०२५मध्ये मायक्रोसॉफ्टच्या कोपायलटमधला दोष उघड झाला, त्यात एका पत्रातल्या मजकुराच्या जोरावर संस्थेची माहिती बाहेर काढता येत होती. पुढच्याच महिन्यात जीमेलमधल्या जेमिनीबाबत दाखवून दिलं गेलं की पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेली सूचना माणसाला दिसत नाही, पण सारांश करणारं यंत्र ती पाळतं, आणि ‘तुमचा पासवर्ड फुटलाय, या नंबरला फोन करा’ असं आपल्याच शब्दांत सांगतं. २००० साली जोडलेली फाइल निदान उघडावी लागत होती.

तेव्हा बटण असू द्यावं, पण ते दाबल्याशिवाय पत्र यंत्राकडे जाऊ नये. यंत्राला सारांशापलीकडे काहीही पाठवण्याचा, उघडण्याचा अधिकार नसावा. माणसाच्या डोळ्यांना जे अक्षर दिसत नाही ते यंत्रालाही दाखवू नये. सारांशात फोन नंबर आणि दुवे येऊच देऊ नयेत. हवे असतील तर माणसाने मूळ पत्रात जाऊन बघावेत. आणि त्या सारांशाच्या डोक्यावर, घडी न घालता, पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता हवा, ‘डॉट बँक डॉट इन’सकट.